बर्फातली आंघोळ – गाडीची!

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

ज्यांची मुलं, भाचे-पुतणे अमेरिकेच्या उत्तर भागात किंवा कॅनडात आहेत, त्यांनी जानेवारी-फेब्रुवारीत फोनवर हे वाक्य कधी ना कधी ऐकलं असेल, "आज जरा ऊन आहे, पटकन गाडी धुऊन येतो." इकडे आईवडिलांना नवल वाटतं. बाहेर गुडघाभर बर्फ, नाकाचा शेंडा बधिर करणारी थंडी आणि या मुलाला गाडी धुवायचं सुचतंय! आपल्याकडे गाडी धुवायची ती धुळीसाठी, चिखलासाठी, फार तर दसऱ्याला हार घालायचा म्हणून. तिकडे हिवाळ्यात गाडी धुतात ती मिठासाठी. आणि खरं सांगायचं तर जो भाग कुणाच्या नजरेलाही पडत नाही, तोच धुवायचा असतो.

डेट्रॉइटच्या परिसरात मी एकवीस हिवाळे काढले. माझं काम होतं गाड्यांचे सुटे भाग मुद्दाम गंजवून बघण्याचं. ऐकायला विचित्र वाटेल. पण कोणता नट, कोणती नळी किती दिवस टिकेल हे गिऱ्हाइकाच्या आधी कारखान्याला कळावं लागतं, त्यासाठी अशा प्रयोगशाळा असतात. त्यामुळे मीठ आणि लोखंड यांचं वैर मी फार जवळून पाहिलं आहे.

आधी रस्त्यावर मीठ का टाकतात ते पाहू. हाताने फिरवायचं आइस्क्रीमचं लाकडी पॉट अनेकांनी पाहिलं असेल. त्यात भोवती बर्फ भरतात आणि वर मूठ-मूठ खडेमीठ टाकतात. मिठामुळे बर्फ वितळायला लागतो, आणि ते खारट पाणी शून्याच्या खाली जाऊनही गोठत नाही. रस्त्यावर हेच होतं. पाण्यात वजनाने सुमारे २३ टक्के मीठ असेल तर ते थेट उणे २१ अंशांपर्यंत द्रवरूप राहतं. हा झाला पुस्तकातला आकडा. प्रत्यक्षात रस्त्यावर साधं मीठ उणे ९-१० अंशांपर्यंत नीट काम करतं, त्याखाली फार मंदावतं. मग त्यात कॅल्शियम क्लोराइड किंवा मॅग्नेशियम क्लोराइड मिसळतात. या दोन पदार्थांची एक खोड लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे : ते हवेतला ओलावा स्वतःकडे ओढून घेतात.

अमेरिकेत न्यू हॅम्पशर राज्याने १९४१च्या हिवाळ्यात रस्त्यांवर सर्रास मीठ टाकायला सुरुवात केली. आता त्या देशात दर वर्षी २ कोटी टनांच्या आसपास मीठ रस्त्यांवर पडतं. ते येतं कुठून? गंमत अशी, की त्यातलं काही खुद्द डेट्रॉइट शहराच्या पोटातून येतं. शहराखाली साधारण ३५० मीटर खोल मिठाची खाण आहे, १९१० पासूनची. कॅनडात गोडरिच इथं ह्यूरन सरोवराच्या तळाखाली तर जगातली सर्वांत मोठी भूमिगत मिठाची खाण आहे. म्हणजे ज्या शहराने जगाला मोटारगाडीची चटक लावली, त्याच शहराखाली गाडी खाणारा पदार्थ थरच्या थर पडून आहे!

आता हे मीठ गाडीला करतं काय? कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. वेंगुर्ल्यात, मालवणात समुद्राकडच्या खिडकीचे गज कसे पापुद्रे धरतात, सायकलची साखळी एका पावसाळ्यात कशी लाल होते, हे त्याने पाहिलेलं असतं. लोखंड गंजायला पाणी आणि हवेतला प्राणवायू लागतो. साधं पाणी हे काम सावकाश करतं. त्यात मीठ विरघळलं की पाण्यातून वीज सहज वाहू लागते आणि लोखंडाच्या पृष्ठभागावर हजारो चिमुकल्या बॅटऱ्या सुरू झाल्यासारखं होतं. एका टोकाचं लोखंड झिजत जातं. शिवाय मिठातलं क्लोराइड धातूवरचा बारीक संरक्षक थर फोडतं आणि टाचणीच्या टोकाएवढ्या जागेतून आत शिरतं. वरून बघावं तर एक ठिपका, आत मात्र भोक.

गाडीच्या वरच्या पत्र्याला रंग असतो, रंगाखाली जस्ताचा थर असतो. आताच्या गाड्यांचा पत्रा त्यामुळे बराच टिकतो. खालची बाजू मात्र वेगळी. चाकांनी उडवलेला खारा चिखल मडगार्डच्या आतल्या कडांवर, दोन पत्र्यांच्या सांध्यात, सायलेन्सरच्या पट्ट्यांवर, ब्रेकच्या नळ्यांवर जाऊन बसतो. तिथे ना ऊन पोचतं, ना वारा. आणि मघाशी सांगितलेली ती खोड : रस्ता कोरडा दिसत असला तरी त्या कोपऱ्यातला लगदा हवेतला दमटपणा पिऊन ओलाच राहतो.

इथे लोकांचा एक ठाम गैरसमज असतो. कडाक्याची थंडी म्हणजे गाडीचं जास्त नुकसान, आणि उबदार गॅरेजमध्ये ठेवली की गाडी सुखरूप. निदान गंजाच्या बाबतीत हे उलटं आहे. आमच्या प्रयोगशाळेत जी नेहमीची चाचणी व्हायची, एएसटीएम या संस्थेने १९३९ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध केलेली, तिच्यात ५ टक्के मिठाच्या पाण्याचं धुकं एका पेटीत सोडतात आणि पेटीचं तापमान ठेवतात ३५ अंश. शून्य नव्हे, उणे नव्हे, ३५! कारण रासायनिक क्रियेला ऊब लागते. उणे १५ अंशांत मीठ गाडीला चिकटून असतं, पण जवळजवळ झोपलेलं असतं. रोज संध्याकाळी तीच गाडी तापवलेल्या गॅरेजमध्ये आणून लावली, की बर्फ वितळतो, मीठ विरघळतं आणि रात्रभर कामाला लागतं. म्हणून ज्याच्याकडे उबदार गॅरेज आहे त्याने गाडी जास्त वेळा धुवायला हवी. हे मी सांगायचो तेव्हा मित्रमंडळी माझ्याकडे संशयाने बघत.

पत्र्याला चार भोकं पडली तर पडली, गाडी जुनीच होती, असं कुणी म्हणेल. ते मलाही मान्य आहे. पण गाडीच्या पोटाखालून ज्या बारीक पोलादी नळ्या जातात, बोरूच्या काडीपेक्षा फारशा जाड नसतात त्या, त्यांच्यातून ब्रेक ऑइल चाकांपर्यंत जातं. आपण पायाने दाब देतो तो या नळ्यांमधून पोचतो. नळी गंजून पातळ झाली तर रोजच्या हलक्या ब्रेकला ती टिकून राहते. फुटते ती जोरात ब्रेक दाबण्याची वेळ येते तेव्हा. म्हणजे नेमकी नको तेव्हा.

माझ्या एका स्नेह्यांची तेरा वर्षांची गाडी होती. उन्हाळ्यात दर रविवारी स्वतःच्या हाताने धुऊन, मेण लावून लखलखीत ठेवत. हिवाळ्यात मात्र "एवढ्या थंडीत कोण जातंय" म्हणून चार महिने पाणी लावत नसत. एका एप्रिलमध्ये सिग्नलपाशी अचानक समोरची गाडी थांबली, यांनी ब्रेक दाबला आणि पॅडल निम्म्याहून खाली गेलं. गाड्यांमध्ये ब्रेकचे दोन स्वतंत्र मार्ग असतात, एक गेला तरी दुसरा राहतो. म्हणून गाडी थांबली, पण बरीच पुढे जाऊन, कडेच्या मातीत. मागच्या सीटवर दोन नाती होत्या. कुणाला खरचटलं नाही. गाडी वर उचलून पाहिली तर मागच्या आसाच्या वरून जाणारी नळी अक्षरशः चुरा झाली होती. वरचा रंग अजूनही आरशासारखा होता.

असे प्रकार इतके होऊ लागले, की अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने जुन्या ट्रक आणि एसयूव्ही गाड्यांच्या ब्रेक-नळ्यांची मोठी चौकशी केली. सुमारे ५० लाख गाड्या त्या चौकशीच्या कक्षेत होत्या. एप्रिल २०१५ मध्ये ती संपली. गाड्या परत बोलवायचा आदेश निघाला नाही. वय आणि मीठ ही कारणं सांगितली गेली आणि जनतेला सल्ला दिला तो असा : मीठ पडणाऱ्या २० राज्यांत आणि राजधानीत राहणाऱ्यांनी गाडीची खालची बाजू हिवाळाभर वरचेवर धुवावी, वसंतात पुन्हा एकदा कसून धुवावी, आणि नळ्या तपासून घ्याव्यात. गंजलेली नळी सापडली तर तेवढा तुकडा न जोडता पूर्ण जोडणीच बदलावी, असंही त्यात होतं. एवढ्या मोठ्या चौकशीचं सार शेवटी पाण्याच्या फवाऱ्यापाशी आलं.

तेव्हा धुवायचं हे ठरलं. पण कधी आणि कसं, यात चुकलं तर उपायच अपाय होतो.

आमच्या वस्तीत एका मुलाचे वडील सांगलीहून हिवाळ्यात राहायला आले होते. पहाटे उठायची सवय, हाताला काम हवं. घरापुढे मुलाची गाडी मिठाने पांढरीफटक. बाहेरचा नळ बंद. तिकडे हिवाळ्याआधी बाहेरच्या नळातलं पाणी काढून टाकतात, नाहीतर पाइप फुटतो. मग काकांनी स्वयंपाकघरातून दोन बादल्या कढत पाणी आणलं, फडकं घेतलं आणि आपल्याकडे करतात तशी गाडी पुसून काढली. तापमान उणे आठ. तासाभरात चारही दारं रबरासकट चिकटून बसली, कुलपाच्या भोकात बर्फ, पुढच्या काचेवर खडी लागून पडलेला जुना टवका होता तिथून वीतभर तडा गेला, आणि ओघळलेल्या पाण्याची घरासमोर काचेसारखी लादी झाली. तिच्यावरून पोस्टमन घसरला. बिचाऱ्या काकांनी सगळं प्रेमाने केलं होतं, त्यामुळे कुणी काही बोललं नाही. पण बर्फाची ती लादी काढायला मुलाने त्यावर टाकलं काय? मीठच!

यातली प्रत्येक गोष्ट टाळता येते. दिवस निवडावा तो शून्याच्या वर चार-पाच अंश जाणारा. उत्तरेत असे दिवस हिवाळ्यातही अधूनमधून येतात. वेळ दुपारी अकरा-बाराची, म्हणजे रात्री पुन्हा गोठण्याआधी गाडी वाळायला चार-पाच तास मिळतात. मोठं हिमवादळ होऊन गेलं की लगेच धावत जाऊ नये, कारण रस्त्यावर मीठ पडणं अजून चालूच असतं. रस्ते मोकळे झाले की जावं. साधारण दर पंधरवड्याला एकदा हा माझा स्वतःचा नेम होता. सलग तीन आठवडे पारा उणे १५च्या वर आलाच नाही, तर जिवाचा आटापिटा करू नये. तेवढे दिवस मीठही झोपलेलंच असतं, हे मघाशी पाहिलं.

जागा म्हणजे कार-वॉश. गाडी आत ढकलली की दोन्ही बाजूंनी फवारे, मग शेवटी वाऱ्याचे झोत. तिथे फलकावर चार-पाच दरांचे प्रकार लिहिलेले असतात. सुगंधी फेस, तिरंगी फेस, मेणाचा मुलामा वगैरे. त्यातलं काही नसलं तरी चालेल, गाडीच्या पोटाला खालून फवारा मारणारा प्रकार तेवढा घ्यावा. दोन-चार डॉलर जास्त पडतात, पण आपण आलोय त्याचसाठी. काही ठिकाणी पाणी गाळून पुन्हा फिरवतात. पाण्याची बचत म्हणून ते चांगलंच, पण खालच्या शेवटच्या फवाऱ्याला ताजं पाणी आहे ना, एवढं विचारायला लाजू नये. स्वतः बंदुकीने फवारा मारायच्या ठिकाणी गेलात तर आधी चारही चाकांच्या मडगार्डच्या आत मारा, मग दारांच्या खालच्या कडा, मग बाकीची गाडी. फडकं सगळ्यात शेवटी. मिठाचे आणि वाळूचे कण वर असताना कोरडं किंवा ओलं फडकं फिरवणं म्हणजे पॉलिश पेपर घासण्यासारखं आहे. आणि फवारा काचेच्या टवक्यावर, रबराच्या फटीत अगदी जवळून धरू नये.

पाणी कोमट चालतं, कढत नाही. उणे १५ अंशांच्या काचेवर ९० अंशांचं पाणी पडलं की काचेचा वरचा थर एकदम फुगू पाहतो, आतला अजून आखडलेला असतो. त्या ओढाताणीत आधीची बारीक भेग पळत सुटते. लोकांना वाटतं गरम पाण्याने बर्फ चटकन सुटेल. सुटतो, आणि पाच मिनिटांत ते पाणी दुप्पट पसरून पुन्हा गोठतो.

खरी हुशारी लागते ती धुऊन बाहेर आल्यावर, आणि नेमकी तीच दहा मिनिटं लोक वाचवतात. गाडी बाजूला घ्यावी. सगळी दारं आणि डिकी उघडून रबराच्या कडा कोरड्या फडक्याने पुसाव्यात. दाराचं कोपऱ्यातलं रबर पाणी धरून ठेवतं. पेट्रोलच्या टाकीचं झाकण, आणि आता विजेवरच्या गाड्या आल्यात, त्यांच्या चार्जिंगचं झाकण उघडून पुसावं. रात्री ते गोठलं तर सकाळी गाडी उपाशी. वायपर उचलून त्यांच्या पात्याखालचं पाणी टिपावं. मग हीटर लावून दहा-पंधरा मिनिटं गाडी चालवावी, आणि मागे कुणी नाही असं बघून सरळ रस्त्यावर दोन-तीन वेळा ब्रेक हलके दाबावेत, म्हणजे तबकड्यांवरचं पाणी उडून जातं. घरी सपाट जागा असेल तर त्या रात्री हँडब्रेक ओढू नये, गाडी गिअरमध्ये किंवा पार्कमध्ये ठेवावी. जुन्या गाड्यांत हँडब्रेकच्या तारेत पाणी शिरून ती ओढलेल्या स्थितीतच गोठते.

हिवाळा सुरू होतानाच दाराच्या रबरांवर सिलिकॉनचा हात फिरवला तर ती चिकटत नाहीत. खोबरेल तेल नको; आपल्याकडे हिवाळ्यात बाटलीत गोठतं ते तिकडे काय करेल! एवढं करूनही दार चिकटलंच तर ओढायचं नाही. हिसका दिला की रबर फाटून हातात येतं. उलट दाराच्या कडेवर तळव्याने चहूबाजूंनी आत दाबायचं, बर्फ आतल्या आत तडकतो आणि दार सुटतं. कुलपात तोंडाने फुंकर मारू नये, श्वासातली वाफ तिथेच गोठते.

मीठ बुटांबरोबर आतही येतं. आपण चपला दाराबाहेर काढणारे लोक, पण गाडीत शिरताना बूट काढत नाही. चटईखाली साचलेलं खारं पाणी वाळत नाही, काचा सकाळी आतून धुरकटतात, आणि खालचा पत्रा आतल्या बाजूने गंजतो. खोलगट रबरी चटया घालाव्यात, आठवड्याला उचलून बाहेर झटकाव्यात. विषय संपला.

घरापुढे धुवायचा मोह मात्र टाळावाच. लादीचं सांगितलं. शिवाय तिकडे रस्त्याकडेच्या गटारातलं पाणी बहुतेक ठिकाणी कुठेही शुद्ध न होता थेट ओढ्या-तळ्यांत जातं, कार-वॉशचं पाणी सहसा सांडपाण्याच्या केंद्रात जातं. मिठाचं वाईट असं, की एकदा तळ्यात गेलं की ते परत काढता येत नाही. मिनेसोटा राज्याचं प्रदूषण नियंत्रण खातं लोकांना समजेल असा हिशेब सांगतं : चहाचा एक चमचा मीठ ५ गॅलन, म्हणजे सुमारे १९ लिटर, गोडं पाणी कायमचं बिघडवायला पुरतं.

आता दोन शब्द शिकायला गेलेल्या मुलांसाठी, किंवा खरं तर त्यांच्या पालकांसाठी. पहिल्या वर्षी मुलं स्वस्तातली दहा-बारा वर्षांची जुनी गाडी घेतात. गाडी चकचकीत असते, विकणारा माणूस गोड बोलतो, मुलगा फोटो पाठवतो, आपण इथून "छान आहे हं" म्हणतो. तो फोटो कधीच गाडीच्या खालच्या बाजूचा नसतो. मुलाला सांगा, पैसे देण्याआधी गाडी एखाद्या मेकॅनिककडे लिफ्टवर चढवून ब्रेकच्या नळ्या आणि मागचा आस बघून घे. त्याला पन्नास-शंभर डॉलर लागले तरी लागू देत. नळ्या सोललेल्या, फुगलेल्या दिसल्या तर एक तर गाडी सोडून दे, नाहीतर तांबे-निकेलच्या मिश्रधातूच्या नव्या नळ्या घालून घे. त्या मिठाला सहसा दाद देत नाहीत. अॅरिझोना, टेक्सासकडून आलेली जुनी गाडी उत्तरेत चढ्या भावाने विकली जाते, त्याचं कारणही हेच. तिचा रंग उन्हाने उडालेला असतो, पण पोट शाबूत असतं.

आणि शेवटची धुलाई एप्रिलमध्ये, रस्त्यांवर मीठ टाकणं थांबल्यावर. ही वर्षातली सगळ्यात महत्त्वाची, कारण इथून पुढे ऊब वाढत जाते आणि सांध्यांत राहिलेलं मीठ जागं होतं. त्या वेळी खालून दोनदा फवारा मारून घ्यावा, दारांच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला जी बारीक भोकं असतात ती काडीने मोकळी करावीत, चटया उन्हात टाकाव्यात आणि त्याच आठवड्यात गाडी लिफ्टवर चढवून मेकॅनिकला नळ्या दाखवाव्यात.